गळाच्या स्पर्धा आणि येलदरीचे पाणी

कुस्तीचे, कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने देशादेशांत होतात, हे आपल्या खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाण्याच्या काठी बसून गळाने मासे धरण्याच्या कामीही निरनिराळ्या देशांचे संघ एकमेकांशी झुंजतात, त्यांतून जगज्जेता ठरविला जातो, आणि हा क्रम साठाहून अधिक वर्षे चालत आलेला आहे, ही गोष्ट सेनगाव तालुक्यातील शेतकरी बंधूंस कदाचित नवलाची वाटेल. नवल वाटून सोडून द्यावी अशी मात्र ती नाही. ज्या तालुक्याच्या एका अंगास येलदरीचा विस्तीर्ण जलाशय आहे व ज्याच्या शिवारांतून कयाधू वाहते, त्या तालुक्याने या खेळाकडे नीट पाहावे आणि त्यातील काय घ्यावे व काय टाकावे याचा निवाडा स्वतःच करावा, असे आमचे मत आहे.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1952 साली रोम येथे स्थापन झाली. आरंभी युरोपातील देशांपुरत्या स्पर्धा होत. 1957 पासून त्यांस जागतिक स्पर्धेचे रूप आले व पहिली स्पर्धा बेल्जियममध्ये भरली. नदीचा अथवा कालव्याचा एक सरळ काठ निवडतात, त्याचे पाच विभाग पाडतात आणि प्रत्येक देशाच्या संघातील पाच गडी एकेका विभागात एकेक असे बसवितात. कोणी कोठे बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. गळ एकच, काठीची लांबी ठरलेली, पाण्यात फेकावयाचा चारा व आमिष किती वापरावयाचे त्याचेही माप ठरलेले. शिट्टी झाली की काही तास गळ टाकावयाचा. धरलेला प्रत्येक मासा पाण्यात बुडवून ठेवलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत राखावयाचा, आणि वेळ संपली की पंचांनी येऊन तराजूत वजन करून तो पुन्हा पाण्यात सोडावयाचा. दुसऱ्या दिवशी हाच प्रकार पुन्हा.

खरी मौज गुण मोजण्याच्या रीतीत आहे, आणि ती आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. संघाच्या एकूण वजनावर निकाल लागत नाही. प्रत्येक विभागात ज्याचे वजन सर्वांत अधिक त्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन, याप्रमाणे क्रमांकानुसार गुण देतात. पाचही गड्यांच्या गुणांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी तो संघ विजयी. समजा, वीस देशांचे संघ आले आहेत. एका संघातील एका गड्याने वीस किलो मासे धरून आपला विभाग जिंकला, परंतु उरलेले चौघे आपापल्या विभागात पंधरावे आले, तर त्या संघाचे गुण झाले एकसष्ट. दुसऱ्या संघातील पाचही जण केवळ दोन-दोन किलो धरून आपापल्या विभागात सहावे आले, तर त्यांचे गुण तीस. दुसरा संघ सहज जिंकला. एकट्याच्या टोपलीने संघ तरत नाही.

इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या देशात हौसेने गळ टाकणाऱ्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते. 1969 साली रॉबिन हॅरिस, 1975 साली इयन हीप्स आणि 1982 साली केव्हिन ॲशहर्स्ट हे इंग्रज गडी वैयक्तिक जगज्जेते झाले. पण संघाचे विजेतेपद इंग्लंडला मिळाले ते 1985 साली, फ्लॉरेन्स येथे. निपुण माणसे आधीही होतीच. पुढे बॉब नड याने चार वेळा व ॲलन स्कॉथॉर्न याने पाच वेळा वैयक्तिक पद मिळविले, आणि त्याच काळात संघही वरचेवर जिंकू लागला. आदल्या दिवशीच्या सरावात एकास जे कळले ते त्याच संध्याकाळी पाचांना सांगावयाचे, ही शिस्त या खेळाचा पाया आहे. मासा तळाशी आहे की मध्ये, सकाळी चरतो की उन्हे चढल्यावर, लाल अळीस येतो की कणकेस, ही माहिती ज्या संघात लपून राहते तो संघ हरतो. आपल्या सहकारी संस्थांच्या किती सभांत एवढा मोकळेपणा असतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता येलदरीकडे वळू. पूर्णा नदीवरील हे धरण 1968 साली पुरे झाले. त्याचा साठा सुमारे 934 दशलक्ष घनमीटर. पाणी सिंचनास, पिण्यास व विजेस गेले, आणि मासा भोई समाजाच्या व इतर मच्छीमारांच्या हाती आला. परंतु हा मासा आपोआप आलेला नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. त्यांस विणीसाठी पुराचे वाहते पाणी लागते. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रावर तयार करता येऊ लागले. हा दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सांगावयाचे तात्पर्य एवढेच की, मोठ्या धरणातील प्रमुख मासा हे पेरलेले पीक आहे. मच्छीमार संस्था जलाशयाचा ठेका भरते, बोटुकली विकत आणून सोडते व वर्ष-दोन वर्षे वाट पाहते. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो याच न्यायाने.

म्हणून कोणी उत्साही मंडळींनी येलदरीच्या काठी गळाच्या मोठ्या स्पर्धा भराव्यात, देशोदेशीचे संघ बोलवावेत, त्यायोगे तालुक्याचे नाव होईल, असा विचार मांडला, तर त्यांस पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की, काठ कोणाचा? दुसऱ्याच्या उभ्या पिकात खेळ मांडावयाचा तर पेरणाऱ्याची अनुमती हवी, आणि उत्पन्नात त्याचा वाटा हवा. स्पर्धेच्या प्रवेशाचे शुल्क, नावेचे भाडे, आमिषाची विक्री, पाहुण्यांचे जेवणखाण, हे सर्व मच्छीमार संस्थेच्या व काठच्या गावांतील महिला बचतगटांच्या हाती राहणार असेल तरच अशा गोष्टीस हात घालावा. नाही तर पर्यटनाच्या नावाने काठावर कुंपण पडावयाचे आणि ज्याने बीज सोडले तो भोई कुंपणाबाहेर उभा राहावयाचा. स्पर्धा येण्याची एवढी घाई कोणास नाही.

हौशी मंडळी पाण्याची काळजी वाहूच शकत नाहीत असे मात्र आमचे म्हणणे नाही. मुंबईजवळचा पवई तलाव 1891 साली बांधला गेला. 1936 साली मुंबई इलाख्यातील गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी आपली संघटना काढली व त्या तलावावर मासेमारीचा हक्क घेतला. तीच आज महाराष्ट्र राज्याची म्हणून ओळखली जाते. हक्काबरोबर मासे सोडणे व राखण करणे हेही तिच्याकडे आले. मात्र पवईचा सभासद संध्याकाळी घरी जातो आणि त्याची चूल त्या तलावावर पेटत नाही. येलदरीची गोष्ट तशी नाही.

स्पर्धेतील एक वस्तू मात्र आजच, कोणाची वाट न पाहता, उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे काटा आणि वही. अमुक माणसाने, अमुक ठिकाणी, इतक्या तासांत, अमुक जातीचे इतके मासे धरले, ही नोंद स्पर्धेत चोख होते. इंग्लंडमधील ट्रेंट नदीवर 1969 ते 1984 या काळात गळ टाकणाऱ्यांनी धरलेल्या माशांच्या अशाच नोंदी तपासून नदीतील जातींचे प्रमाण कसे पालटत गेले हे संशोधकांनी दाखवून दिले. त्यासाठी नदी उपसावी लागली नाही की जहाज आणावे लागले नाही. आपल्याकडे संस्थेच्या वहीत बहुधा विक्रीचे वजन व रुपये एवढेच असते. किती जाळी, किती तास, कोणती जात, लहान किती व मोठे किती, हे लिहिलेले नसते. त्यामुळे उत्पन्न घटले की एकजण म्हणतो बीज निकृष्ट होते, दुसरा म्हणतो चोरी झाली, तिसरा पावसास दोष देतो, आणि तिघांपैकी कोणाचेच म्हणणे तपासता येत नाही. मराठवाड्यात 2015-16 व 2018-19 सारखी टंचाईची वर्षे येतात, मोठमोठे जलाशय तळाला जातात. अशा वर्षानंतर पुन्हा किती बीज सोडावे हे ठरविण्यास मागील नोंदी नसतील तर सगळा अंदाजाचा खेळ होतो.

धरलेला मासा सोडून देण्याच्या नियमाविषयी दोन मते पडतील. आमचा शेतकरी सरळ विचारील की, खावयाचा नाही तर धरावयाचा कशास? कयाधूच्या काठी नरसी हे नामदेवांचे गाव आहे; या भागातील माळकरी घरांस तर जिवाला गळ टोचून पुन्हा सोडणे हा खेळच रुचणार नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? आमच्या मते तिकडचा नियम जसाच्या तसा येथे आणण्याचे कारण नाही. पेरलेला कटला वा रोहू विक्रीच्या मापाचा झाला असेल तर तो संस्थेच्या काट्यावर जाऊन बाजारात गेला पाहिजे. माप भरत नसेल तर तो पाण्यात गेला पाहिजे. अर्धा किलोचा मासा आज काढणे म्हणजे हुरड्यातच ज्वारी कापणे होय. टिलापियासारखा परका मासा, जो तळ्यात विणून इतरांची जागा अडवितो, तो एकदा हाती लागला की परत सोडूच नये. या उलट आपल्या नद्यांतील मूळच्या जाती, मग त्या बाजारात कितीही मोलाच्या असोत, विणीच्या दिवसांत तरी सोडल्याच पाहिजेत. दख्खनच्या महाशीर माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. कर्नल साइक्स याने 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील माशावरून त्याचे वर्णन केले व नाव ठेवताना येथील लोकांच्या तोंडचेच नाव घेतले. आज त्याच माशाची बोटुकली लोणावळ्याच्या केंद्रात तयार करावी लागते.

मासा सोडणे म्हणजे तो जगला असे नव्हे, हेही सांगणे अवश्य आहे. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथून बुरशी शिरते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात जाळीच्या पिशवीत चार तास कोंडलेला मासा सोडला तरी पोट वर करून तरंगेल. युरोपातील थंड पाण्याचा हिशेब येथे लागू पडत नाही. हात ओले करावेत, गळाचा उलटा काटा घासून काढावा, मासा वाळूवर टाकू नये.

या सर्व नियमांवर एकच गोष्ट पाणी फिरविते, आणि ती म्हणजे डोहात सुरुंग लावणे अथवा कीटकनाशक ओतणे. 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने हे दोन्ही गुन्हे ठरविलेले आहेत. सव्वाशे वर्षे लोटली तरी उन्हाळ्यात नदीचे डोह आटू लागले की कोठे ना कोठे हा प्रकार घडतोच. सुरुंगाने मोठ्या माशांबरोबर हाताच्या बोटाएवढी पिल्लेही मरतात व त्यांतील बहुतेक तळाशी बसून कुजतात. औषध टाकलेले पाणी तर पुढे जनावरे पितात. गळ घेऊन बसलेला माणूस तासन्‌तास काठावर असतो, म्हणून तो चांगला राखणदार होऊ शकतो. गावातील जी मुले आज बांबूच्या काठीस दोरा बांधून गांडुळावर मासे धरतात, त्यांस हाकलून न देता संस्थेने त्यांची नावे लिहून घ्यावीत.

ग्रामसेवकांस व मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यकर्त्यांस आमची सूचना अशी की, मच्छीमार संस्थेच्या संमतीने काठच्या चार-पाच गावांची एक लहान स्पर्धा येत्या हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी या दरम्यान एखाद्या सकाळी, घेऊन पाहावी. जून ते ऑगस्ट हे विणीचे महिने कटाक्षाने टाळावेत. प्रत्येक गावाचे पाच गडी, काठाचे पाच विभाग, जागा चिठ्ठ्यांनी, गुण क्रमांकाप्रमाणे. पंच म्हणून संस्थेतील वृद्ध मच्छीमार असावेत, कारण कोळशी कोणती व मृगळ कोणता हे पिल्लू हातात घेऊन सांगणारी माणसे तीच आहेत. रोख बक्षीस ठेवू नये. ठेवावयाचेच तर जिंकणाऱ्या गावाच्या नावाने बोटुकली सोडावी. वहीत सहा रकाने आखावेत: तारीख, जागा, तास, जात, लांबी आणि वजन. ती वही स्पर्धेनंतर संस्थेच्या कार्यालयात राहावी व त्याच काठांवर दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तेवढेच तास गळ टाकून तीत पुढच्या नोंदी भराव्यात.