मर्जीचे औषध

आमच्या आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. कांद्याची गोणी, दुधाचा टँकर, सारे येथून चोहीकडे जाते. कायदाही ह्याच रस्त्याने येत असावा; पण त्याची शिक्षेची गाडी वेळेवर पोहोचते आणि उपचाराची गाडी पुण्यातच अडकून पडते.

१९८५ चा गुंगीकारक द्रव्यांचा कायदा उघडून पाहावा. गर्द, म्हणजे हेरॉइन, सेवन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे कलम २७ बजावते. काय खणखणीत भाषा! आता कलम ७१ वाचा. व्यसनी माणसाच्या उपचारासाठी सरकारला योग्य वाटतील तितकी केंद्रे सरकार काढू 'शकेल'. तुरुंगाच्या बाबतीत आज्ञा. दवाखान्याच्या बाबतीत मर्जी!

कलम ६४-अ दयाळूपणाचा आव आणते. जो व्यसनी आपण होऊन सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल त्याला खटल्यातून सूट. मात्र उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. आणि हे व्यसन तर पुन्हापुन्हा उलटणारे दुखणे! शिवाय येरवडा येथून नव्वदएक किलोमीटर. रोजंदारीवरच्या माणसाने रोज मजुरी बुडवून तेथे जायचे कसे? २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने व्यसनालाही आजार मानले, उपचाराचा हक्क दिला. पण किमान सेवेचे माप ठरविले ते जिल्ह्याचे. पुण्यात सोय असली की जुन्नर-आंबेगावची सोय झाली, असा हा कागदी हिशेब!

१९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' उभारले. त्या कार्यापुढे मी नतमस्तक आहे. पण लेखकांच्या औदार्यावर सरकारने किती काळ निभावून न्यावयाचे?

शहाणे म्हणतील, "आपल्या पायांनी खड्ड्यात गेलेल्याचा भार करदात्याने कां वाहावा?" बाबांनो, तुरुंगातली भाकरी काय आकाशातून पडते? आणि काही महिने मादकाविना काढलेला माणूस बाहेर येऊन जुन्याच मात्रेने गर्द घेतो, तेव्हा शरीराची सवय मोडलेली असल्याने तो दगावण्याचा धोका फार मोठा असतो. त्याच्या पोरांना तुमचे नीतिपाठ काय कामाचे? २०१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे अफूच्या कुळातील मादकांपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक ह्या देशात आहेत. इतक्यांना काय वाळीत टाकणार?

उपचार काही गूढ नाही. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की तडफड थांबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. पंजाबने अशी बाह्यरुग्ण केंद्रे सुरू केली. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातलेला विषय. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोय मुंबईला नाही. विधिमंडळाने कायदा करावा: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही गोळी, शिकविलेला डॉक्टर आणि त्यासाठी अर्थसंकल्पात राखून ठेवलेला पैसा. आणि त्या कायद्यात 'शकेल' हा शब्द कोठेही नसावा.

आमच्या तालुक्यात माणिकडोहला जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. ते असावेच, त्याचा मला अभिमान आहे. मात्र तेथे आणलेल्या बिबट्याला कोणी विचारीत नाही, "जखम तुझ्या चुकीने झाली काय?" तेवढी माणुसकी माणसाच्याही वाट्याला यावी.