पाण्याचा पंचनामा कुणाच्या साक्षीने?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे एकमेकांवर आदळली व सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. कोळीवाड्यांची मासेमारी ठप्प झाली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, एमव्ही राक हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला, तो ऑगस्ट २०१६ मध्ये! मधली पाच वर्षे कोळ्याने खावे काय?

पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला या समुद्रकथेशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. कर्तव्य आहे, कारण त्या तेलाने शिकविलेला धडा आपल्या नद्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

सांडलेल्या तेलाचा हलका भाग काही दिवसांत उडून जातो, काही विषारी द्रव्ये पाण्यात विरघळतात, जड भाग गाळात जाऊन बसतो. तवंग दिसेनासा झाला म्हणजे विष गेले, असे नव्हे. म्हणूनच पाण्यातील तेलांश, प्राणवायू आणि तळचा गाळ महिनोन्महिने तपासावा लागतो. आणि अपघातापूर्वीची नोंद हाती नसेल, तर मालकाचा वकील खुशाल म्हणतो, "पाणी आधीपासूनच घाण होते."

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एका दिवशी ८०० टन सांडत नाहीत. येथे यंत्रांचे कूलंट, मुलामा देण्याच्या हौदांचे पाणी आणि शहराचे मैलापाणी रोज थोडेथोडे पवना-इंद्रायणीत उतरते. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक तेल-चरबी नसावी, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे ठरणार नमुन्यावरून. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २१ वे कलम सांगते की, नमुना घेताना मालकाला सूचना द्यावी व त्याच्यादेखत त्याचे दोन भाग करावेत. पुराव्यासाठी हे रास्त असेल. परंतु ते पाणी हाताळणाऱ्या कामगाराला आणि आळंदीच्या घाटावर त्या फेसात उतरणाऱ्या वारकऱ्याला या पंचनाम्यात स्थान का नाही?

प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे आकडे प्रसिद्ध करते, हे खरे. पण ठरल्या दिवशी भरलेली बाटली रात्रपाळीत उघडलेल्या नळाची साक्ष देत नाही.

त्याच कायद्याच्या २५ व्या कलमाने संमतीच्या अटींची नोंदवही बाधितांना पाहण्यास खुली ठेवली आहे. कामगार संघटनांनी ती मागावी. नमुना घेताना कामगारांचा प्रतिनिधी हजर हवा आणि आकडे कारखान्याच्या फाटकावर मराठीत लागले पाहिजेत. वेतनाच्या करारात पाण्याचे कलम का असू नये?

पवना-इंद्रायणीचे पाणी अखेर भीमेला मिळते. भीमा उजनीला, पंढरपूरला जाते. पोटासाठी सोलापूरहून येथे आलेल्या साथीच्या गावी हेच पाणी पोचते. ते कसे आहे, हे त्याला कळलेच पाहिजे!