खुर्चीआधी शिकवणी हवी

लष्करात डॉक्टरचा हुद्दा वाढतो, तशी त्याच्यावर माणसे, औषधसाठा आणि निर्णय यांची जबाबदारी येते. तिचे रीतसर प्रशिक्षणही त्याला मिळते. १९४८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाने अशीच फळी घडविली. तेथील माजी अधिष्ठाता माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू.

हा धडा चिमूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला अधिक लागू आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गर्भवतीला आधीच कोठे हलवायचे, औषधे कधी पोहोचवायची, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नियोजनाचा असतो. मुलकी सेवेत मात्र ज्येष्ठतेने खुर्ची मिळते. ती सांभाळण्याची कला डॉक्टर बहुधा चुकांतून शिकतो आणि त्या चुकांची किंमत रुग्ण मोजतो.

लष्करी शिस्त जशीच्या तशी येथे चालणार नाही. जिल्हा परिषद, आशा कार्यकर्त्या, ग्रामसभा यांना हुकूम सोडता येत नाही. त्यांचे मन वळवावे लागते. म्हणूनच प्रशिक्षण निराळे असावे, पण ते बढतीच्या आधी असावे. इमारती आणि पदे मंजूर करून सरकारची जबाबदारी संपत नाही.