चितपट झाली की नाही, ते आधी दाखवा



पापड-कुरडयांच्या दिवसांत ही बाई कुस्तीवर काय लिहायला बसली, असं तुमच्यातल्या निम्म्या जणींना वाटेल. वाटू दे. माझं माहेर कृष्णा-वारणेकडचं. शेती करणाऱ्या आपल्या लोकांच्या त्या पट्ट्यात गावोगावी जिनमंदिर आहे तशी तालीमही आहे. माझे दोन्ही काका लाल मातीत उतरलेले. लग्न होऊन भोरला आले आणि पाहते तो काय, इथंही मावळ! हिरडस मावळात जत्रा म्हटली की मैदान आलंच, आणि वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं, पण जिभेला वळण पडायला वेळ लागणार) तर विचारूच नका. त्यामुळे ‘महाराष्ट्र केसरी’ हा माझ्यासाठी सणच असतो. त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, भांडी तशीच ठेवायची आणि मोबाईल घेऊन बसायचं.

2025 मध्ये 2 फेब्रुवारीला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर जे झालं ते तुम्ही कुस्ती पाहत नसलात तरी व्हॉट्सअॅपवर पाहिलं असणारच. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांची कुस्ती होती. पंचांनी पृथ्वीराज चितपटीनं जिंकल्याचं जाहीर केलं. शिवराजचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. तो कोणी दाखवला नाही. त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. मग अंतिम कुस्तीत माती विभागाचा महेंद्र गायकवाड एका गुणाच्या निर्णयावर बिथरला आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना मॅट सोडून निघून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र दोघांवर 3 वर्षांची बंदी आली.

त्या लाथेची बाजू मी घेणार नाही. पंचावर पाय उचलला तिथं पहिलवानाचं म्हणणं संपलं, मग ते कितीही खरं असो. बंदी योग्यच. आमच्या जत्रांत पोरगं हरलं तरी पंचाच्या पाया पडून मैदानाबाहेर जातं, आणि शिवराज तर दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला.

पण सगळा राग त्या एका पायावर काढून मोकळं होणं मला पटत नाही. कुस्तीत चितपट जाहीर झाली की खेळ संपला. गुणांच्या निर्णयाला आव्हान देता येतं, चितपटीला देता येत नाही. म्हणजे हा एकच निर्णय असा, की जो परत फिरवता येत नाही. मग तो जाहीर करण्याआधी दहा सेकंद थांबून पडद्यावर पाहायला काय हरकत होती? मैदानात कॅमेरे होते, टीव्हीवाले होते, हजारो मोबाईल होते. घरी बसून मी तो क्षण पाच-सहा वेळा मागेपुढे करून पाहिला. आपण एक किलो साखर देताना काटा गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी दाखवतो. गिऱ्हाइकाला शंका राहिली तर तो दोष दुकानाचा असतो, असं माझे सासरे म्हणतात. इथं तर माणसाची अख्खी उमेद तोलली जात होती.

नंतर चौकश्या होतात, समित्या बसतात. खांदा टेकला होता की नव्हता ते कधीतरी कळेलही. पण त्या रात्रीची कुस्ती कोणालाच परत मिळत नाही. शिवराजला नाही आणि पृथ्वीराजलाही नाही. पृथ्वीराजचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याचं कोणी बोलतच नाही. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीतल्या मुठ्याचा हा पोरगा. ज्यांच्या स्मरणार्थ ही चांदीची गदा देतात ते मामासाहेब मोहोळही मुठ्याचेच. एवढं सगळं जुळून आलं, गदा घरी आली, आणि लोकांच्या तोंडी मात्र लाथ. समोरचा अर्ध्यातून निघून गेलेली अंतिम कुस्ती जिंकण्यात कोणाला गोडी वाटेल? निर्णय स्वच्छ दाखवला असता तर त्याच्या गदेवर डाग पडला नसता. पंचगिरी नीट नसली की हरणाऱ्याइतकंच जिंकणाऱ्याचंही नुकसान होतं, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही, आणि गदेबरोबर भारीतली गाडी उभी केली की झालं असं त्यांना वाटतं.

आणि हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेचे 4 गुण दिले त्यावरून किती गदारोळ झाला होता! पंचांना धमकीचा फोन आल्याचंही पेपरात होतं. सिकंदरनं तेव्हा कोणावर हात उचलला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्यानं याच शिवराजला मिनिटाच्या आत चितपट केलं आणि गदा घेऊन गेला. सिकंदरचं कौतुक आहेच. पण त्या वादातून शहाणं व्हायचं काम एकट्या पहिलवानाचं होतं का? दोन वर्षं मिळाली होती आयोजकांना.

फेब्रुवारीत त्या गोंधळानंतरच्या आठवड्यात वेल्ह्याकडच्या एका खेड्यातली बाई दुकानात आली. तिचा मुलगा पुण्याजवळच्या एका तालमीत आहे. महिन्यातून एकदा ती भोरला बाजाराला येते तेव्हा आमच्याकडून बदाम, खसखस, बडीशेप, मिरी नेते, थंडाईसाठी. घरच्या म्हशीचं तूप वेगळं. पोराला रोजचं 2 लिटर दूध तिथं विकत घ्यावं लागतं, तालमीची खोली, खुराक, मध्येच कुठं दुखापत झाली तर मालीशवाल्याचे पैसे. भाताच्या दोन खाचरांवर हे चालवायचं. धाकटीची शिलाई मशीन घ्यायची राहिली आहे, ती राहूनच चालली आहे. त्या दिवशी ती बदाम मोजून घेता घेता म्हणाली, “वैनी, ते पंचाला लाथ मारली ते खरं हाय का वो? माझं पोरगं बी असंच शिकंल का तिथं?” मी म्हटलं, नाही शिकायचं, तुझ्यावर गेलंय ते. मग ती थोडी थांबून म्हणाली, “आन् त्याला बी कोणी असंच पाडलं तर?”

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. दुसऱ्याला नव्हतं. आठ-दहा वर्षं एका घरानं तोंडातला घास काढून पोराच्या ताटात घालायचा आणि सगळं एका शिट्टीवर ठरायचं, तर ती शिट्टी कोण वाजवतो, कशी वाजवतो, हे विचारायचा हक्क त्या बाईला आहे. व्यासपीठावर बसणाऱ्या पुढाऱ्यांपेक्षा तिचा जास्त आहे.

आपल्यातल्या काही जणी म्हणतात, कुस्ती ही मारामारीच, आपल्या धर्मात बसत नाही. त्यांना मी कुंभोजच्या डोंगरावर नेईन. 28 फुटी बाहुबली स्वामींसमोर हात जोडताना तुम्ही काय आठवता? भरत आणि बाहुबली यांची सैन्यं समोरासमोर उभी राहिली तेव्हा मंत्र्यांनीच सांगितलं, की भावांच्या भांडणात हजारोंचं रक्त कशाला? मग ठरलं ते दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. हिंसा टाळायला कुस्ती निवडली गेली! आणि तिथं निकालावर वाद झाला नाही, कारण दोन्ही सैन्यांनी तो उघड्या डोळ्यांनी पाहिला. बाहुबलींनी मोठ्या भावाला जमिनीवर आपटलंही नाही, मान राखून खांद्यावर उचललं. हार पचली नाही ती भरताला. चक्रवर्ती असून ठरलेलं मोडून त्यानं चक्र सोडलं. एवढ्या मोठ्या राजाला जे जड गेलं ते विशी-पंचविशीतल्या पोरांना सोपं जावं अशी आपली अपेक्षा असते. ती ठेवायलाच हवी, पण मग निकाल तरी भरतासमोर होता तसा लख्ख असू द्या.

खांद्यावर उचलण्यावरून आठवलं. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीरनं शैलेश शेळकेला हरवलं. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्याबरोबर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर घेतलं आणि मैदानात फिरवलं. त्या दिवशी गदा कोणाची आणि खांदा कोणाचा हेच कळेना. मी तेव्हा रडले होते, आमच्या ह्यांनी अजून चिडवायचं सोडलेलं नाही.

माझा धाकटा मात्र टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती पाहतो. एप्रिल 2025 मध्ये त्यांची रेसलमेनिया झाली, दोन रात्री. चमचमते कपडे, धूर, गाणी, आणि पंचाला पाडणं हा तिथं खेळातलाच एक प्रसंग. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, आणि पाहणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. त्यात फसवणूक नाही, ते नाटकच आहे, मलाही दोन-चार पहिलवान आवडतात. पण अहिल्यानगरची क्लिप पाहून त्यानं विचारलं, “आई, इथं पण आधीच ठरलेलं असतं का?” नाही रे, म्हटलं मी. खरंच नसतं, माझा विश्वास आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या मनात हा प्रश्न आला, याची लाज त्या लाथेपेक्षा मला जास्त वाटली.

त्यात भर म्हणून संघटना दोन. मार्चच्या शेवटी त्याच जिल्ह्यात कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी झाली, तिथं वेताळ शेळके जिंकला. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी! 1961 ला औरंगाबादला दिनकर दह्यारी जिंकले तेव्हापासून हा किताब वर्षभर एकाच घरात राहावा अशी रीत. घरात दोन चुली झाल्या की पोरं उपाशी राहतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

गावच्या मैदानात हे सगळं किती सोपं असतं. दुपार कलली की हलगी सुरू होते. आधी रेवड्यांवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, मग मोठ्या इनामाच्या. गुण नाहीत. पाठ टेकली तर टेकली, नाहीतर बरोबरीत सोडवली. पंच म्हणून जुने पहिलवान फेटा बांधून उभे, आणि चारी बाजूंनी गाव. पंच चुकला तर शंभर गळे एकदम ओरडतात आणि तो परत लावतो कुस्ती. यात भांडणं होत नाहीत असं नाही, पण लपवाछपवी होत नाही. मोठ्या स्पर्धेला गुण हवेत, घड्याळ हवं, मान्य. मग गावाच्या त्या डोळ्यांच्या जागी पडदा तरी लावा.

आमच्या दुकानातून दरवर्षी एका जत्रेला छोटंसं इनाम जातं. यंदा मी सासऱ्यांना म्हटलं, मुलींच्या जोडीला द्या. 2023 ला सांगलीत मुलींची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, माझ्या माहेरची गदा माहेरीच राहिली. मग आपल्या मावळात का नको? सासरे म्हणाले, “देऊ की. पण जोड मिळाली पाहिजे.” एक मुलगी मिळाली आहे, वजन 48-50 किलोच्या आसपास. तुमच्या गावात तिच्या तोडीची कोणी तालमीत जात असेल तर मला जरूर कळवा. मैदान पौर्णिमेनंतर आहे.