परीक्षा, मोह आणि आपली सोशिकता

मराठीतील ख्रिस्ती साहित्यावर प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास उतरते: ख्रिस्ती धर्म दुःख निमूटपणे सोसायला शिकवतो. हे वाक्य विद्यार्थ्यांचे नव्हे. ते आपणच त्यांना दिले आहे. ‘प्रेम, सेवा, सोशिकता’ असा तीन शब्दांचा शिक्का तयार करून आपण फादर स्टीफन्सच्या १६१६ मधील ‘क्रिस्तपुराणा’पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पर्यंतचे तीनशेहून अधिक वर्षांचे लेखन एका प्रवाहात वाहवून टाकले आहे. हा शिक्का अपुरा आहे असे म्हणणे सौम्यपणाचे होईल. तो चुकीचा आहे.

‘निमूटपणे’ हा शब्दच पाहा. ज्या ग्रंथावर हे सारे साहित्य उभे आहे, त्यात दुःख भोगणारी माणसे निमूट कुठे आहेत? ईयोब देवाशी वाद घालतो, जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र मात्र त्याला समजावत बसतात, की तू काहीतरी पाप केले असणार, एरवी हे ओढवले नसते. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आणि तो स्वतः? गेथशेमाने बागेत तो आपल्यापुढचा प्याला टळावा म्हणून विनवणी करतो, क्रुसावर तर टाहोच फोडतो. पौलाच्या पत्रांत सहनशीलतेची थोरवी आहे, हे मान्य. पण एका पत्रातील एका धाग्यावरून संपूर्ण वस्त्राचा रंग ठरवण्याची ही कोणती समीक्षापद्धती?

गोंधळाचे मूळ, माझ्या मते, एका शब्दात आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी तरी तिथे थबकायला हवे होते. मूळ ग्रीकमध्ये ‘पेइरास्मॉस’ हा एकच शब्द कसोटी आणि मोह या दोन्ही अर्थांनी येतो. मराठीला निवड करावी लागते. प्रभूच्या प्रार्थनेत प्रॉटेस्टंट मंडळी ‘परीक्षा’ म्हणतात, तर कॅथलिक उपासनेत ‘मोह’ म्हटला जातो. दोन पंथ, एकच भाषा, आणि दोन निराळी विश्वे. परीक्षा म्हटली की परीक्षक आला, मग दुःख हा देवाने काढलेला पेपर ठरतो. मोह म्हटला की प्रश्न माणसाच्या आत शिरतो. याकोबाच्या पत्रात स्पष्टच म्हटले आहे, की देव कोणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये याच ओळीच्या इटालियन भाषांतरावर आक्षेप घेतला होता, आणि २०२० मध्ये इटलीतील चर्चने ते बदलले. तिकडे एका क्रियापदावरून एवढी चर्चा होते आणि इकडे आपल्या दारात दोन पाठ शेजारी-शेजारी उभे असताना एकाही मराठी विभागाला त्यावर चर्चासत्र घ्यावेसे वाटत नाही. असो.

आमच्या लोणारची कथा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. लवणासुर भूगर्भात दडून बसला होता. त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना भुलवले, आणि त्यांच्याकडून जागा समजताच विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्याचा वध केला. तोच दैत्यसूदन. विवर उल्कापाताने झाले हे आता सर्वांना ठाऊक आहे. माझा रोख कथेच्या रचनेवर आहे. इथे पाप बाहेर आहे, त्याला नाव आहे, आणि ते एकदा मारले की संपते. मोह हे देवाचे शस्त्र आहे, आणि ज्यांना तो झाला त्या बहिणींचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. रानातील येशूच्या कथेत बाजू नेमक्या उलट होतात. मोह घालणारा सैतान शास्त्रवचने तोंडपाठ म्हणतो, आणि जे देऊ करतो ते वरवर चांगलेच असते: भुकेल्याला भाकर, श्रद्धावंताला चमत्कार, सुधारकाला सत्ता. दैत्य मरत नाही. निघून जातो, तोही काही काळापुरताच. एक कथा थोर आणि दुसरी हीन, असे मला म्हणायचे नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर विद्यार्थ्याला जे कळेल, ते ‘सोशिकता’ या शब्दाने कायमचे झाकले जाते, एवढेच म्हणणे आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या शिक्क्याला सरळ तोंडघशी पाडणारे आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेले. त्याआधी या कुटुंबाने तीर्थे केली, उपास केले, गाठीचा पैसा दानधर्मात घातला, कारण दुःख ही हिशेबाची बाब आहे आणि पुण्य भरले की बाकी शून्य होते, असा तो विश्वास होता. रमाबाई पुढे ज्या दिशेने गेल्या, तिच्या मुळाशी या हिशेबाला दिलेला नकार आहे. सोसण्याची शिकवण हवी असती तर ती इथल्या विधवेला मुबलक उपलब्ध होती. त्यासाठी १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घ्यावा लागला नसता.

यावर आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा: दुष्काळात भाकर देऊन धर्म दिला गेला, त्याचे काय? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या, पुढे अनेकींचे बाप्तिस्मे झाले. गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशनच होते, आणि स्टीफन्सची ओवी त्याच छायेत लिहिली गेली. हे झाकून ‘क्रिस्तपुराणा’चे भाषावैभव सांगत बसणे हा अप्रामाणिकपणा आहे. पण हा आक्षेप ज्या निकषावर सर्वांत धारदार होतो, तो निकष त्याच परंपरेत आहे. रानातील पहिला मोह कोणता होता? दगडांच्या भाकरी करण्याचा. भुकेवर अधिकार मिळवून माणसे जिंकण्याचा, असाही तो वाचता येतो. मिशनऱ्यांवर याहून कठोर टीका बाहेरचा कोणता टीकाकार करणार आहे? मात्र ती करण्यासाठी आधी तो मजकूर वाचावा लागतो.

हा वाद केवळ अभ्यासक्रमाचा नाही. केंद्राने २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत बुलढाणा होता. गळफास घेतलेल्या बापाची मुले आमच्या वर्गांत बसतात. त्यांच्या घरी सांत्वनाला आलेले लोक ‘भोग असतात एकेकाचे’ म्हणतात, आणि काही प्रवचनकार, काही पाळकसुद्धा, ‘देव परीक्षा पाहतो’ म्हणतात. दोघेही ईयोबाचे मित्रच. अशा मुलीसमोर आपण फळ्यावर ‘सोशिकता’ लिहितो तेव्हा आपण साहित्य शिकवत नसतो, त्या सांत्वनकर्त्यांच्या रांगेत उभे असतो.

आणि लक्ष्मीबाई? टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरची पाच वर्षे या बाईने जो आकांत केला, तो ‘स्मृतिचित्रां’त लपवलेला नाही. त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्यामागून मुकाट्याने चालत नव्हे, तर सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा प्रश्न स्वतःशी सोडवून. मीठ-साखरदेखील धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलेल्या मुलीला शुचितेचे दुःख काय असते हे ठाऊक होते. पण पाठ्यपुस्तकासाठी उतारा निवडताना आपले बोट विनोदी पानांवरच जाऊन थांबते. त्या पाच वर्षांची पाने एकदा बी.ए.च्या वर्गात लावून पाहा, आणि नंतर ‘ख्रिस्ती सोशिकतेवर टीप लिहा’ हा प्रश्न काढून दाखवा.