संगणकाशी गट्टी : चाळीस हजार फायलींची स्लो लोकल

दोस्तांनो, 'क्लाउड' म्हणजे ढग हे तुम्हाला माहीत आहेच. पण आपले फोटो नि फायली काही खरोखर ढगात जाऊन बसत नाहीत, बरं का! त्या जातात कंपनीच्या दूरच्या संगणकांवर. आपल्याकडचा एक छोटा प्रोग्रॅम इथली यादी आणि तिथली यादी सारखी ताडून पाहतो आणि दोन्हींचा मेळ घालतो. यालाच म्हणतात 'सिंक'.

कधीकधी हा मेळ काही केल्या बसत नाही. रात्र सरली, सकाळ झाली, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगर फिरतंच आहे! बाबा म्हणतात, "नेट स्लो आहे." ताई म्हणते, "संगणक जुना झालाय." पण खरा गुन्हेगार पुष्कळदा तिसराच असतो. तो म्हणजे फायलींची संख्या. वजन नव्हे हं, संख्या!

हे कसं, ते समजायला माटुंगा स्टेशनवर चला. मध्य रेल्वेच्या या स्टेशनावर थांबते ती स्लो लोकल. फास्ट गाडी दादर सोडते ती माटुंगा आणि शीव मागे टाकून थेट कुर्ल्याला. सीएसएमटीहून स्लो लोकलने माटुंग्याला यायचं तर मध्ये मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर असे सात थांबे. दर वेळी वेग कमी करा, थांबा, पुन्हा वेग घ्या!

सिंकच्या गाडीला प्रत्येक फाईल म्हणजे एक थांबा. फाईल एवढीशी असली तरी तिचं नाव बघायचं, ती बदलली का ते तपासायचं, पलीकडे विचारायचं, पाठवायची आणि पोच घ्यायची. एका फाईलच्या या सोपस्काराला अर्धा सेकंद धरू. फायली ४०,००० असतील आणि एकामागून एक गेल्या, तर झाले २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त! हे प्रोग्रॅम एका वेळी अनेक फायली पाठवतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो. पण थांबे काही चुकत नाहीत. 'वनड्राईव्ह' बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनीच सांगते, की काम सुरळीत चालायला एकूण फायली ३ लाखांच्या आत ठेवा.

मग उपाय काय? चला, क्रमाने बघू.

१. आधी मोजा. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडलं, की आत किती फायली आहेत ते दिसतं.

२. कचरा काढा. २०१८ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन दैनिकात एक गमतीची बातमी आली होती. भारतातले इतके फोन भरून का अडखळतात, याचा गूगलच्या संशोधकांनी शोध घेतला. कारण निघालं 'गुड मॉर्निंग'ची चित्रं! तुमच्या घरीही असतील बघा, गुलाबाची आणि उगवत्या सूर्याची.

३. नको ते फोल्डर वगळा. काय सिंक करायचं ते निवडता येतं. १९२३ पासून माटुंग्यात असलेल्या व्हीजेटीआयमध्ये प्रोग्रॅमिंग शिकणारा एखादा दादा ओळखीचा असेल, तर त्याला 'नोड मॉड्यूल्स' हे फोल्डर विचारा. त्यात हजारो चिमुकल्या फायली असू शकतात आणि त्या पुन्हा उतरवून घेता येतात. त्या कशाला पाठवायच्या?

४. जुन्याची मोट बांधा. ज्यात आता बदल होणार नाही, अशा फायलींची एक 'झिप' फाईल करा. हजार थांब्यांचा एक थांबा! मात्र रोज बदलणाऱ्या फायली झिप करू नका. एक अक्षर बदललं तरी अख्खी मोट पुन्हा पाठवावी लागू शकते.

५. नावं तपासा. विंडोजला फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत. फोनवरून आलेली अशी एखादी फाईल वाटेतच अडून बसते.

६. हप्त्याहप्त्याने पाठवा. आज २०१९ चे फोटो, उद्या २०२० चे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत इथलं काहीही पुसू नका! समजा, आजोबांचे जुने फोटो तुम्ही मेहनतीने स्कॅन केलेत. निम्मे वर पोचले आणि "झालं असेल" म्हणून तुम्ही सगळे पुसलेत. उरलेले निम्मे मग कुठेच नाहीत. आणि खूण दिसल्यावरही सावध राहा. सिंक म्हणजे मेळ, त्यामुळे इथून पुसलं की तिथूनही पुसलं जातं. गूगल ड्राईव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. म्हणून एक वेगळी प्रत पेनड्राईव्हवर हवीच.

आणि घराबाहेरची प्रतही हवीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात मुंबईतल्या कितीतरी घरांतले आल्बम भिजून गेले. किंग्ज सर्कलला पाणी तुंबतं, हे माटुंगेकरांना कुणी वेगळं सांगायला नको!

या आठवड्याचा प्रयोग : पाचशे छोट्या फायली पेनड्राईव्हवर उतरवा आणि घड्याळ लावा. मग त्यांचीच झिप करून उतरवा. कोण जिंकलं, ते वहीत लिहून ठेवा. अच्छा तर मग, पुढच्या आठवड्यात भेटूच!