शिलेदाराचा घोडा

मुलांनो, चित्रात शिवरायांचे सगळे स्वार सारखेच दिसतात ना? पण त्यांत दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदार घोडा अन् हत्यारं घरून आणायचा.

मराठा स्वाराच्या डोक्याला पागोटं, अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा, खाली चोळणा, कमरेच्या शेल्यात तलवार. कित्येकजण पागोट्याचा पदर हनुवटीखालून घेत. दौडताना पडायला नको!

रोमच्या जुन्या फौजेतही परमुलखातले सहायक स्वार असत, लोखंडी कड्यांचं चिलखत घातलेले. पुढे 25 वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना नागरिकत्व मिळू लागलं.

शिलेदाराचा घोडा लढाईत मेला तर? घरचं धन गेलं! आपल्या राणीसावरगावात ऐन पेरणीत बैल दगावला तर घरात काय होतं, ते तुम्ही जाणताच.